सोळा आवाजांचा पिकअप

चँडलरला, म्हणजे अमेरिकेतल्या भर वाळवंटात, उन्हाळ्यात आम्ही गाडीच्या टपावर पापड भाजायचो. बायको म्हणते, एकदाच, आणि तोही कच्चा राहिला. पण ती पुण्याची. उन्हाचंही कौतुक बेतानंच करते.

ऐंशीच्या दशकात मी तिथे आठवडाभर कारखान्यात कॉम्प्युटरच्या चिप्स तपासायचो आणि सुट्टीला गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बनवायचो. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालचं लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तार. तारांची थरथर तो पकडतो, तेव्हा कुठे स्पीकर बोलतो. बाजारातल्या पिकअपला आवाज एकच. माझ्याला चार स्विच आणि आवाज सोळा! गुंडाळायला बायकोचं शिलाई मशीन जुंपलं होतं. ती तार उलगडली असती तर नागपूरला पोचून वर गाठ मारण्यापुरती उरली असती.

वाद्यांच्या दुकानदारानं अट घातली, "शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांसमोर वाजवून दाखव. एकानं जरी मागितला, तरी काउंटरवर ठेवतो. नाहीतर पुन्हा येऊ नकोस. या महिन्यात नऊ वेळा आलायस."

खरं तर अकरा वेळा गेलो होतो.

शनिवारी बायको सोबत आली आणि वाजवायला आमचा शेजारी. चर्चमध्ये गिटार वाजवायचा. मला प्रोफेसर म्हणायचा. पहिल्या आवाजाला लोकांनी माना डोलावल्या. तिसऱ्याला एका म्हाताऱ्यानं काउबॉय टोपी काढून हातात घेतली. सातव्याला शेजारी स्विच चाचपत राहिला आणि गाणं त्याला सोडून पुढे गेलं.

"प्रोफेसर, वाजवू की बटणं शोधू?"

"यातला ह्याचा स्वतःचा आवाज कुठला?" मागून कुणीतरी विचारलं.

"सगळेच!" मी गरजलो.

"म्हणजे कुठलाच नाही," असं म्हणून तो गेला. बाराव्यापर्यंत दुकानात आम्ही तिघं, मालक आणि तो म्हाताराच उरलो.

"तो तिसरा," म्हातारा म्हणाला, "तेवढाच देतोस? स्विच नकोत. वाजवताना माझे दोन्ही हात कामात असतात."

"साहेब, पंधरा आवाज वाया जातील! सोळाही घ्या, वापरा तिसराच."

"मग एखाद्या दिवशी चुकून चौथा लागेल." त्यानं टोपी घातली आणि दार उघडलं.

बायकोनं मराठीतून कोपर मारलं. म्हणजे कोपर मारलं आणि मराठीतून म्हणाली, "अहो, एकच गिऱ्हाईक आहे! पाहुणा वरणभात मागतोय आणि तुम्ही त्याला ताटावरून उठवताय!"

मी पार्किंग लॉटमध्ये धावलो. डांबर इतकं तापलेलं की चपला तिथेच राहिल्या; मी अनवाणीच म्हाताऱ्याला परत आणलं. मालकाकडून पक्कड घेतली आणि चारही स्विच तोडले. तिसऱ्या आवाजाच्या तारा तेवढ्या डाग देऊन जोडल्या.

म्हातारा स्टुलावर बसून वाजवू लागला. मालकानं काउंटरवरचा तारांचा डबा उचलून जागा केली. आणि मी ऐकलं. कित्येक महिने त्या आवाजाची लाट मी यंत्राच्या स्क्रीनवर पाहिली होती. कान देऊन ऐकला तो त्या दुपारी. चांगला होता. बाकीचे पंधरा त्याहून चांगले होते, पण ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं माझ्या भाजलेल्या पायावर पाय दिला.