बगल्याविना बारा गाड्या

"गाड्या ओढाले देव पुरस, बाजूले व्हवाले माणूस लागस," असं लोटन एकदा म्हणाला होता. पुण्याहून आलेल्या, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या पोरांनी ते हसत हसत वहीत उतरवून घेतलं.

लोटन पारोळ्याच्या बाजारात मापाडी. जन्मभर कापूस आणि दादर ज्वारी तोलली. पण गाव त्याला ओळखतं ते आखाजीमुळे, म्हणजे अक्षय्य तृतीयेमुळे. त्या दिवशी संध्याकाळी एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, बैलांविना आणि माणसांनी लदलेल्या, मरीआईच्या देवळापर्यंत ओढल्या जातात. पुढे हळद माखलेला भगत, कमरेला दोर. त्याच्या काखांत हात घालून दोघं पळतात, ते बगले. फोटो भगताचा निघतो. बगल्याचं फार तर कोपर दिसतं. तीस वर्षं ते उजवं कोपर लोटनचं होतं.

गाड्या आधी हलत नाहीत. हलल्या की थांबत नाहीत. शेवटच्या पन्नास पावलांत भगत गाड्या ओढत नसतो, त्यांच्यापुढून पळत असतो. तिथे दोर सोडून त्याला कडेला काढायचं, एवढंच बगल्याचं काम. अठरा वर्षांपूर्वी रुपचंद भगत तिथेच कोसळला. लोटनने त्याला गटारात ढकललं आणि चाक लोटनच्या डाव्या पावलावरून गेलं. दोन बोटं गेली. रुपचंद पुढे म्हातारा होऊन खाटेवर मेला. त्याचा मुलगा चंदन आता भगत आहे. धुळीत ते कोणाला नीट दिसलं नव्हतं, आणि ही गोष्ट लोटनने घराबाहेर कधी काढली नाही.

गेमच्या नायकात अचाट बळ होतं. तो कोसळते पूल पेलायचा, घसरलेल्या आगगाड्या रुळावर आणायचा, आणि त्याची सुरुवात बारा गाड्यांपासून व्हायची. पुण्याच्या पोरांनी चंदनला आणि लोटनला अंगाला चिकटणारे काळे कपडे घातले, त्यांवर पांढरे ठिपके लावले आणि हालचाली टिपायला शाळेच्या मैदानावर पळवलं. अप्पांना, म्हणजे आपल्या बापाला, त्या वेषात बघून लोटनची लेक मयुरी पोट धरून हसली होती.

गेमचा नमुना आला तेव्हा मयुरीनेच अप्पांना परीक्षणं वाचून दाखवली. दहापैकी सहा. एकाने लिहिलं होतं, एवढ्या ताकदवान नायकाच्या काखेत ही दोन माणसं कशाला? वेग मारतात. खाली लोकांची तीनशे मतं होती. त्यातलं एक मयुरीचं, टोपणनावाने: 'दोघांच्या पाठींमुळे रस्ता दिसत नाही.' तेवढं तिने वाचून दाखवलं नाही.

फाल्गुनात पुरा गेम निघाला. बगले काढले होते. आता दहापैकी नऊ. 'अखेर एकटा', 'ओढताना बोटांना वजन जाणवतं', असं जो तो लिहीत होता.

"थांबस कसा तो?" लोटनने विचारलं.

"थांबत नाही, अप्पा. देऊळ जवळ आलं की पडदा पांढरा होतो. मग पुढचा भाग."

"मंग चाकं कोठे जातस?"

मयुरीने तो भाग पुन्हा लावून बघितला. त्यानंतर लोटनने गेमबद्दल काही विचारलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो तिला देवळाकडे घेऊन गेला. रस्ता या वर्षी काँक्रीटचा झाला होता, थोडा उताराचा. गटारावर फरशा बसल्या होत्या. देवळापासून पन्नास पावलांवर एक रिकामी गाडी होती. लोटनने तिला नुसता हात लावला. ती गाडी आवाज न करता निघाली आणि देवळाच्या पायरीला जाऊन भिडली. पायरीचा टवका उडाला. लोटनने तो उचलून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंदनला त्याच्या ओसरीवर हळद लागत होती. लोटन आणि मयुरीही आले होते. पोरं मोबाइल घेऊन उभी होती.

"काका, औंदा बगले नको," चंदन म्हणाला.

"कोन म्हनस?"

"बठ्ठा म्हनतस, सारं गाव. जळगाव, धुळ्याथून लोके एकला भगत देखाले ई राह्यनात."

"रस्ता काँक्रीटना शे, चंदन."

"गेममा बी काँक्रीटनाच शे, काका."

ओसरी हसली. प्रेमराज नावाचा गाडीवाला म्हणाला, "लोटनभाऊले फोटोमा येवानं शे, दुसरं काय नही."

लोटनने आपल्या डाव्या पावलाकडे बघितलं. आता तरी अप्पा रुपचंदचं नाव काढतील, असं मयुरीला वाटलं. त्यांनी काढलं नाही. मग तिला राहवेना.

"चंदनभाऊ, बगले नकोत असं लिहिणाऱ्यांत मी पण होते. पाठींमुळे रस्ता दिसत नव्हता, म्हणून. मला कळलं नव्हतं."

"मंग बरोबरच लिखं ना, ताई. आते दिसस रस्ता."

लोटनने लेकीकडे बघितलं. रागाने नाही. पोतं काट्यावर चढवल्यावर तो काट्याकडे बघायचा, तसं. मग तो चंदनपाशी वाकला, त्याच्या कमरेच्या दोराची गाठ सोडली आणि एका हिसक्याने सुटेल अशी सरकगाठ घालून दिली. चंदनने घालू दिली. पण मागचं एक पोरगं म्हणालं, "गाठ ढिली दिसस व्हिडिओमा." चंदन हसला. दोन पोरांनी ती सोडून पुन्हा बांधली, पीळ देऊन, पक्की.

वेशीकडे डफ वाजू लागला. गाड्या जोडून झाल्या होत्या. लोटनने चपला काढून ओसरीखाली नीट जोडून ठेवल्या. अनवाणी, डाव्या पायाने किंचित लंगडत, तो बाहेर पडला. गाड्यांकडे नाही, देवळाकडे, त्या शेवटच्या पन्नास पावलांकडे.