ठोंबरे सरांना पटवताना

ठोंबरे सरांना मी वेळेत पटवू शकले नाही. आज सकाळी ते गेले.

मदन महल भागातल्या त्यांच्या घरी आम्ही बारावीत असताना निबंध शिकायला जायचो. हिंदी, इंग्लिश, ज्याचं जे असेल ते. सर शिकवायचे हिंदीत, रागवायचे मराठीत.

निबंध मोठ्याने वाचायला लावायचे आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबवायचे.

"अच्छा. आता ऐकणाऱ्याच्या मनात काय आलं?"

पुढच्या परिच्छेदात त्याचं उत्तर नसेल, तर वही परत.

एकदा मी लिहिलं होतं, कॉलनीच्या मैदानात दुकानं नकोत. पर्यावरण, आरोग्य, भावी पिढी, सगळं कोंबलं होतं.

"हे कोणाला पटवून राहिली तू?"

"सगळ्यांना, सर."

"सगळे नावाचा माणूस मला तर कधी भेटला नाही. दुकानवाल्याला पटव. त्याला कशाची भीती आहे ते आधी लिही. मग तुझं सांग."

आजही वर्तमानपत्राच्या डेस्कवर कोणाचा लेख आला की मी हेच दोन प्रश्न विचारते : कोणाला पटवायचंय, आणि त्याला कशाची भीती आहे?

मागच्या वर्षी सरांचा आवाज बसला. Tests झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. आवाज जाईल, माणूस वाचेल.

सर नाही म्हणाले. कारण सांगेनात. असेच महिने गेले.

मग सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. काकूंना बऱ्याच वर्षांपासून दिसत नाही.

"तोंडी कोणाचंच ऐकत नाहीत जी हे. तू लिहून आण."

रोज घाईत पान लावायची सवय आहे मला. ते एक पान काही केल्या पुरं होईना.

शेवटी लिहिलं. शिक्षकाला आवाज जायची भीती वाटणारच, असं आधी मान्य केलं. मग पुढे : तुमच्या बोलण्याइतकंच आम्ही तुमच्या लाल पेनाकडून शिकलो. पेन तर राहणारच आहे. मुलं येत राहतील.

सरांनी ते माझ्यासमोरच वाचलं. कुठेही थांबले नाहीत.

"बांधणी पक्की आहे," घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भीती चुकीची धरली तू."

काकू आत चहा ठेवत होत्या. सर आणखी हळू बोलले.

"शिकवणं गेलं तर गेलं. हिला दिसत नाही, बेटा. मी बोललोच नाही, तर मी घरात आहे हे हिला कसं कळेल?"



दारातून काकूंचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"चमचा वाजवा ना जी. मला तेवढं पुरे."

सरांनी माझा कागद खाली ठेवला.

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही काहून नाही विचारलं?"

दुसऱ्या दिवशी सर ऑपरेशनला तयार झाले. पुन्हा tests झाल्या. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. आजार पसरला होता.

शेवटी शेवटी आवाज तसाही गेलाच.

सर पलंगाच्या दांड्यावर चमचा वाजवायचे. काकू स्वयंपाकघरातून "हो" म्हणायच्या.

काम काही नसायचं. नुसतं वाजवणं. नुसतं हो.

आज घर भरलं होतं. जुने विद्यार्थी, शेजारी, नातेवाईक. सगळे एकाच वेळी सरांबद्दल बोलत होते.

काकू म्हणाल्या, "थोडं गप्प राहा जी सगळे."

सगळे गप्प झाले.

काकू पलंगाकडे कान लावून बसून राहिल्या. 

दुपारी ग्वारीघाटाच्या स्मशानात सगळं आटोपलं.

सर, शेवटचा नमस्कार.