कंपाउंडर मालेगावला आला त्या दिवशी

कुसुम गेली त्याला आता सात आठवडे होतील. त्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास मी वाशीमजवळच्या मालेगावात आमच्या घरासमोर झाडांना पाणी घालत होतो, आणि फाटकाबाहेर एक कुत्रा येऊन उभा राहिला. तांबूस अंगाचा, डावा कान फाटलेला, पोटापर्यंत धुळीनं माखलेला. मी दोनदा पाहिलं तेव्हा ओळख पटली. तो कंपाउंडर होता, मेडशीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा, कुसुमचा कुत्रा. मेडशी इथून एसटीनं अर्ध्या तासाच्या वाटेवर. मधे सगळा हायवे, ट्रकांची सारखी ये-जा. आमच्या घरी तो आजवर एकदाच आला होता, तोही ऑटोत बसून, गुरांच्या डॉक्टरकडून परत जाताना, जेमतेम दहा मिनिटं. तो भुंकला नाही. मी फाटक उघडलं तसं त्यानं माझ्या पायजम्याची कड दातात धरली आणि मला रस्त्याकडे ओढायला लागला.

मी लगेच कुसुमला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला.

"कुसुम, तुहा कंपाउंडर इथं आला ना वं! सुटून आला काय?"

"सुटून नाई आला भाऊ. मीच धाडला त्याले."

"काहून?"

"तुले आनाले."

ती हसली, म्हणून मीही हसलो. तब्येत विचारली तर म्हणाली, बरी हाये, भाकरी टाकून ठेवली, तू ये. मी म्हटलं, आंघोळ-बिंघोळ करून साडेअकराच्या गाडीनं येतो. ती म्हणाली, "बरं. तुह्या सोयीनं ये."

हे तिचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. गाडी वेळेवर सुटावी म्हणून धावतपळत येणाऱ्या माणसांसाठीही मी कधी घंटी दाबायचा थांबलो नाही. आणि त्या दिवशी मला कुठंच जायची घाई नव्हती. कंपाउंडर ट्रकखाली येईल या भीतीनं मी त्याला ओसरीच्या खांबाला दोरीनं बांधलं. पाणी ठेवलं, पोळी ठेवली. त्यानं कशालाच तोंड लावलं नाही. दोरीला गळा आवळेपर्यंत तो रस्त्याकडे ओढ घेत राहिला. माझी बायको मंदा दारात येऊन म्हणाली, "अवो, हे असं काहून करून राह्यलं? जाऊन या ना आत्ताच." मी म्हटलं, आत्ताच तर बोललो तिच्याशी, चांगली हसून बोलली. आणि पेपर घेऊन बसलो.

साडेनवाच्या आसपास दोरी एकदम सैल पडली. मी मान वर करून पाहिलं. कंपाउंडर खाली बसला होता. रस्त्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड. मी हाक मारली, त्यानं कानसुद्धा हलवला नाही. शेवटची गाडी निघून गेल्यावर स्टँडच्या बाकावर माणसं तशी बसलेली मी पाहिली आहेत. दहा वाजता फोन वाजला. कुसुमच्या शेजारच्या द्वारकाबाईंचा होता. "भाऊ, मी ताक द्याले गेली तं ताई खुर्चीत बसल्या होत्या... हाक मारली, हात लावला... भाऊ, तुमी या."

कुसुम नर्स होती. तीस वर्षं तिनं आसपासच्या गावांत बाळंतपणं केली, लसी दिल्या, जखमा बांधल्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत अपघातात गेला, मूल नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती मेडशीतच दोन खोल्यांचं घर बांधून राहिली. मला वाटलं होतं, आता तरी आराम करेल. पण पहिल्या वर्षात मी तिच्याकडे गेलो की भर दुपारी ती खिडक्या लावून बसलेली असायची. चूल थंड. साखरेचा आजार होताच, गोळ्यांची पाकिटं न फोडता तशीच पडलेली. मी काही विचारलं तर "हं" एवढंच. जिच्या आवाजानं अख्खं आरोग्य उपकेंद्र हलायचं ती बाई बोलणंच विसरून चालली होती. आमच्याकडे चल म्हटलं तर येत नव्हती. मी परतीच्या गाडीत बसलो की मला वाटायचं, हिला आपण अशीच एक दिवस गमावणार...

गावाच्या कडेला सखाराम नावाचा एक म्हातारा एकटा राहत होता. तो अंथरुणाला खिळला तेव्हा कुसुम त्याच्या पाठीच्या जखमा धुवायला जायची. तेवढंच एक काम तिनं सोडलं नव्हतं. त्याच्या खाटेखाली हा तांबडा कुत्रा पडलेला असायचा. सखारामबुवा गेला, आणि अंत्ययात्रेहून परत आलेल्या कुसुमला तो कुत्रा आपल्या दारात बसलेला दिसला. आता गंमत अशी की कुसुमला कुत्र्यांची भयंकर भीती. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेलं एक माणूस तिनं डोळ्यांसमोर मरताना पाहिलं होतं. "मी कुत्रे पाळत नसतो भाऊ, चावलेल्याले इंजेक्शन देत असतो," असं ती म्हणायची. आमच्याकडे बायकाही 'करतो, देतो' असंच बोलतात. चार दिवस तिनं दार उघडलं नाही. मागच्या दारानं ये-जा केली. पाचव्या दिवशी थोडा भात बाहेर ठेवला. पंधराव्या दिवशी मी गेलो तर कुत्रा घरात, खिडक्या उघड्या, आणि माझी बहीण त्याच्याशी तावातावानं भांडत होती, कारण त्यानं तिची चप्पल पाण्याच्या टाक्यात टाकली होती. मी बाहेरच थांबलो. तिचा तो चढलेला आवाज किती दिवसांनी ऐकत होतो!

ती पुन्हा घरोघर पेशंट बघायला जायला लागली, आणि तिच्यामागं फिरतो म्हणून गावानंच त्याचं नाव कंपाउंडर ठेवलं. तिचं बीपीचं यंत्र निघालं की हा पुढं. ती आत पेशंट तपासणार, हा दाराशी बसणार. सकाळी ती बुद्धमूर्तीपुढं वंदना म्हणायला बसली की हाही बसायचा, आणि शेवटी बरोबर एक जांभई द्यायचा. त्यावर ती रोज नव्यानं हसायची. त्याच्यासाठी स्वयंपाक करायचा म्हणून स्वतःही दोन वेळा जेवायला लागली. गोळ्या घ्यायला लागली. एकदा पोळ्या लाटताना त्यानं तिचा पदर धरून ओढला. तिनं बेलणं उगारलं, तरी सोडेना. मनगट चाटायला लागला. तेवढ्यात तिला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. कशीबशी साखर तपासली तर फारच खाली गेलेली. मूठभर साखर तोंडात टाकली म्हणून वाचली. पुन्हा दोनदा तसंच झालं तेव्हा तिनं मला सांगितलं, "याले माह्या आधी कळते भाऊ. मले नर्सिंग शिकवलं त्याइनं हे नोतं शिकवलं."

पण त्याला कळायचं ते फक्त तिच्यापुरतं राहिलं नाही. तो कधीकधी तिला सोडून एखाद्या घरासमोर जाऊन बसायचा. दाराकडे टक लावून, हलायचा नाही, भाकरी टाकली तरी बघायचा नाही. असा तो एका म्हातारीच्या अंगणात बसला, ती आठवड्यात गेली. मग एका म्हाताऱ्याच्या अंगणात बसला, तोही गेला. झालं. गावात बोलणं सुरू झालं, हा यमाचा कुत्रा आहे, सखारामबुवाच्या खाटेखालून आला तो काय उगाच? कोणीतरी दगड मारला, त्यात त्याचा कान फाटला. उत्तम नावाचा एक धडधाकट शेतकरी चार माणसं घेऊन कुसुमच्या दारात आला आणि म्हणाला, "ताई, हे कुत्रं गावातून काढा, नाईतर आमी काढतो."

"तो मरन आनत नाई उत्तम," कुसुम म्हणाली. "आजाराचा वास घेत असंन. त्याचं नाक तुह्या-माह्यापेक्षा मोठं हाये, एवढीच गोष्ट."

त्यानंतर महिनाभरानं कंपाउंडर उत्तमच्याच दारात जाऊन बसला.

हे मला द्वारकाबाईंनी सांगितलं. दुपारची वेळ, सगळी गल्ली दारं लावून आतून बघत होती. उत्तम काठी घेऊन बाहेर आला. कुसुम यंत्र घेऊन पोचली आणि कुत्र्याच्या शेजारी पायरीवर बसली. "मारायचं तं दोघायले मार. नाईतर हात पुढं कर, बीपी पाहू दे." उत्तम अर्धा तास शिव्या देत उभा होता. शेवटी त्याची बायको रडायला लागली तेव्हा त्यानं हात पुढं केला. कुसुमनं पट्टा बांधला, पाहिलं, पुन्हा बांधला, आणि ऑटो बोलावला. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आज आणलं नसतं तर उद्या आणायची गरज राहिली नसती. उत्तम परत आला तो आधी कुसुमच्या घरी गेला. कुत्र्यापुढं बिस्किटं ठेवली आणि त्याच्याकडे न बघताच निघून गेला. त्या दिवसापासून दगड थांबले. पण कंपाउंडर गल्लीतून चालला की माणसं बोलता बोलता गप्प व्हायची, आणि तो आपल्या दारावरून पुढं गेला की पुन्हा बोलायला लागायची.

कुसुम जायच्या पंधरा दिवस आधी मी तिच्याकडे गेलो होतो. तूर फुलावर आली होती, उन्हं कलली होती. ती ओट्यावर खुर्ची टाकून लसूण सोलत होती. कंपाउंडर नेहमीच्या जागी, दाराशी नव्हता. तिच्यासमोर दोन हात अंतरावर बसला होता. तोंड तिच्याकडे. मी आलो तरी त्यानं वळून पाहिलं नाही. मी त्याला बोलावलं, बिस्कीट दाखवलं. तो हलला नाही.

"हा असा कधीपासून बसून राह्यला?"

"आठ दिवस झाले," ती लसणाची पाकळी सोलता सोलता म्हणाली. "शुगर बरोबर हाये. बीपी बरोबर हाये. रोज पायतो."

"वाशीमले जाऊन दाखवू. उद्याच."

"जाऊ ना. पुढच्या हप्त्यात जाऊ."

मी आणखी जोर करायला हवा होता. केला नाही. तिनं लसूण सुपात टाकला आणि कुत्र्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "पाह्य बाबू, पाह्य. पाहून घे." हे ती माझ्यादेखत बोलली, आणि तरीही मी चहा पिऊन पाच वाजताच्या गाडीनं परत आलो.

त्या दिवशी द्वारकाबाईंचा फोन आल्यावर मी ऑटो करून मेडशीला पोचलो. कुसुम खुर्चीतच होती. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, तास-दीड तास झाला असेल. तिनं आंघोळ केली होती. अंगावर पांढरी साडी होती, जी ती बुद्धपौर्णिमेलाच नेसायची. चुलीजवळ वांग्याची भाजी आणि टोपल्यात भाकरी झाकून ठेवलेल्या. दोनच ताटं पालथी घातलेली, एक माझं, एक तिचं. आणि दाराजवळ एक कापडी पिशवी. मी ती उघडली. आत कंपाउंडरचं जेवायचं भांडं, घासून लख्ख केलेलं. त्याची साखळी. थंडीत अंगावर टाकायची जुनी शाल. लसीकरणाचं कार्ड, पुढच्या लसीच्या तारखेखाली लाल पेनानं रेघ मारलेली. मी ते कार्ड हातात धरून खाली बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी पाहिलेल्या बाईला स्वतःची ओळखता आली नसेल, असं मला वाटत नाही. मग तिनं मला फोनवर सांगितलं का नाही? की सांगितलंच होतं, आणि मी साडेअकराची गाडी धरून बसलो? मंदा म्हणते, तुम्ही गेले असते तरी काय केलं असतं? खरं आहे. पण मी समोर असतो. एवढं तर केलं असतं.

कुसुमच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी मी घर आवरायला मेडशीला गेलो आणि कंपाउंडरला बरोबर नेलं. दुपारचे चार वाजले असतील. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेर उभा राहून आत पाहत होता. खोलीत मी होतो, पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. थोड्या वेळानं त्यानं शेपटी हळूच हलवली, दारातून बाजूला झाला, एक माणूस बाहेर पडायला जेवढी जागा लागते तेवढी, आणि रस्त्यानं चालायला लागला. मी कुलूप घालून मागं निघालो. तो विजेच्या पहिल्या खांबापाशी थांबला. वर पाहिलं. मग पुढं निघाला, दुसऱ्या खांबापाशी पुन्हा थांबला, पुन्हा वर पाहिलं. मला वाटलं तो माझी वाट बघतोय. मी जवळ जाऊन उभा राहिलो तरी तो थांबलेलाच... मग आपल्या मनानं निघाला. द्वारकाबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला. "भाऊ, ताईचा गुडघा दुखे. दर खांबाले हात टेकून उभ्या राहत. हा तसाच चालून राह्यला."

कुसुम असती तर म्हणाली असती, सवय हाये भाऊ, जनावराची सवय. तसंच असेल. पण आता तो मालेगावला आमच्याकडे असतो, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता मी त्याला फिरवायला नेतो. हा रस्ता कुसुम कधी चालली नव्हती. तरी तो दर खांबाशी थांबतो. सुरुवातीला मी साखळी ओढायचो. आता ओढत नाही. तो डाव्या कडेनं चालतो, मी उजव्या कडेनं, मधे एका माणसाची जागा राहते. परवा शेजारचे गुरुजी भेटले, बोलत बोलत बरोबर चालायला लागले आणि नेमके आमच्या मधे आले. मी त्यांच्या कोपराला धरून त्यांना माझ्या दुसऱ्या बाजूला घेतलं. "गुरुजी, इकडून चाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. पुढं खांबापाशी कंपाउंडर थांबला होता. आम्ही दोघंही थांबलो.