जास्तीचे तीन सोमवार

मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई दिवसभर बोलून घसा कोरडा करायच्या, आणि घरी गेल्या की सकाळपर्यंत देवाच्या नावाखेरीज त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोलणार तरी कोणाशी?

त्यातल्या त्यात सोमवार गोड. चार वाजता पाच वर्षांची एक मुलगी आजोबांचं बोट धरून यायची. ती 'क' म्हणायला जायची आणि 'त' निघायचा. काकाचा ताता, कपाचा तप. बाईंनी तिला बुटक्या आरशासमोर बसवून मान वर करून पाण्याची गुळणी करायला लावली. गुळगुळ करताना जीभ मागे जाते, तिथूनच 'क' निघतो. चार महिन्यांत जीभ वळणावर आली.

मूल खोलीबाहेरही सहज नीट बोलायला लागलं की उपचार थांबवायचे, हा कामाचा नियम. एका सोमवारी व्हरांड्यातून आवाज आला, "आजोबा, काठी कुठे ठेवलीत?" अगदी लख्ख! बाईंना आनंद झाला आणि लगेच पुढचे रिकामे सोमवारही दिसले. वहीत त्यांनी लिहिलं, 'अजून सराव हवा.'

पुढच्या सोमवारीही तेच. "छान गं, पण परत म्हण बघू."

आजोबा म्हणाले, "बाई, हिची जीभ वळेपर्यंत माझे गुडघे वळायचे बंद होतील हो. दोन जिने चढतोय!"

बाई हसल्या. त्यांना पाणी दिलं. वहीत पुन्हा तेच लिहिलं, आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही.

त्यापुढच्या सोमवारी मुलीने बोलण्याआधी तोंडावर हात ठेवला.

"हात काढ गं."

"नको. मी चुकते ना."

त्या 'चुकते'मधला 'क'सुद्धा स्वच्छ होता. बाईंनी आजोबांना आत बोलावलं.

"हिचं काम केव्हाच झालंय. मीच सांगितलं नाही."

"का हो?"

"चार वाजता कोणीतरी येतं, याची सवय लागली होती मला."

आजोबा काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "घरी जेवतानासुद्धा तोंडावर हात धरते ही," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाई गुडघ्यांवर बसल्या. "चूक माझी होती, बाळा. तू छान बोलतेस."

"मग आता यायचं नाही?"

"नाही."

"बरं," म्हणून तिने पायात बूट चढवले.

जिन्यात ती आधी हळू बोलली, मग मोठ्याने, मग आजोबांशी भांडायलाच लागली. शब्द कळत नव्हते. खालचं दार आपटेपर्यंत बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मग आत जाऊन त्यांनी तिन्ही सोमवारांपुढचं खोडलं आणि खरं ते लिहिलं.

पाच वाजता येणाऱ्या मुलाला ताप होता. तो येणार नाही, असा त्याच्या आईचा सकाळीच फोन आला होता.