थोरल्या भाऊजींनी आखलेली सहल

माझ्या थोरल्या दिरांसारखा आखणी करणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, कारण असे दोघे या गावाला झेपले नसते. अंबडच्या एका कारखान्यात ते प्लॅनिंग खात्यात होते. कुठला सुटा भाग कुठल्या मशीनवर किती वाजता चढवायचा हे ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. बाकीची माणसं संध्याकाळी काम कारखान्यात ठेवून घरी येतात. भाऊजी ते बरोबर घेऊन यायचे. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर ते आणि वरच्या मजल्यावर आम्ही, त्यामुळे त्यांच्या आखणीतून आमचीही सुटका नसे. दिवाळीला पाहुणे आले की न्हाणीघराच्या दारावर कागद लागायचा, कोणी किती वाजता आत जायचं आणि किती वाजता बाहेर यायचं त्याचा. एकदा माझे वडील आले होते, तर त्यांनाही सात मिनिटं नेमून दिलेली. वडील मला हळूच म्हणाले, "बाळ, तुझ्या दिरांना सांग, माझं पोट काही कागद वाचत नाही."

शिवाय तालमीशिवाय कुठलीही गोष्ट करायची नाही, हा त्यांचा हट्ट. माझ्या नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी पंगतीची तालीम घेतली होती. शेजारपाजारच्या वीस माणसांना रिकाम्या पत्रावळींसमोर बसवलं, वाढप्यांच्या हातात रिकामी पातेली दिली आणि शिट्टी वाजवून त्यांना धावायला लावलं. वरण कधी, भात कधी, तूप कोणाच्या मागून कोणी, सगळं. तालीम संपली, सगळे उठले, पण शेजारचे एक आजोबा काही उठेनात. भाऊजींनी विचारलं तर म्हणाले, "अहो, जिलबी यायचीय ना अजून?" आम्ही हसून हसून बेजार झालो. भाऊजी मात्र अजिबात हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं की जिलबीला उशीर होतोय.

तर अशा माणसाच्या हाती आमच्या घराची पहिली मोठी सहल पडली. झालं असं की भाऊजींच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या सोनूच्या, वर्गातली एक मुलगी मुंबईजवळ खाडीकाठी नवीन निघालेल्या पाण्याच्या आणि पाळण्यांच्या पार्कमध्ये जाऊन आली. तिथे म्हणे एक गाडी होती, रुळांवरून वर चढायची आणि माणसांना घेऊन चक्क उलटी व्हायची. सोनू तेव्हा अकरा वर्षांची. त्या दिवसापासून पोरीला दुसरं काही सुचेना. जेवताना चमचा हवेत नेऊन उलटा करायची, गृहपाठाच्या वहीच्या मागे त्या गाडीची चित्रं काढायची. अबोल मुलगी, कधी काही मागायची नाही. पण एका रात्री जेवताना तिने बापाला विचारलं, "बाबा, उलट्या गाडीत बसायला किती पैसे लागतात?" भाऊजींचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातल्या कुणाकडून तरी त्या पार्कचं पत्रक घेऊन आले आणि जाहीर केलं, "सगळं घर जाणार. बोनसमध्ये बसवतो मी. एक माणूस जरी मागे राहिलं तरी ती सहल नव्हे." त्यांच्या सगळ्या आखण्यांत हे एक वाक्य मला मनापासून आवडलं. पुढच्या दोन महिन्यांत मी ते वारंवार आठवून राग गिळला.

कारण बोनसमध्ये बसवायचं म्हणजे काय ते आम्हाला हळूहळू कळत गेलं. पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे लागतात आणि ते तिथे भाड्याने मिळतात, असं पत्रकात लिहिलेलं. भाड्याचं नाव काढताच भाऊजी मेन रोडला गेले आणि छत्र्यांच्या कापडाचा उरलेला एक तागा स्वस्तात उचलून आणला. रंग जांभळा, वर पांढरे ठिपके. मोठ्या जाऊबाईंनी आठ दिवस मशीन चालवून त्यातून सगळ्यांचे कपडे बेतले. खिसे काही निघाले नाहीत, कापड पुरेना. सासूबाईंसमोर त्यातला झगा धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय उघडून डोक्यावर धरायचंय का?" आणि नऊवारीचा काष्टा घट्ट करून निघून गेल्या. त्यांच्याबरोबर कोरडं कुणीतरी हवं म्हणून मी पटकन हात वर केला. त्या जांभळ्या संकटातून मी वाचले ती अशी. जेवणाचं तर विचारूच नका. आत डबे नेऊ देत नाहीत, आणि आतलं खाणं भाऊजींच्या मते डोळे पांढरे करणारं. म्हणून दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी पहाटे इगतपुरीच्या घाटात एकदा खायची आणि साडेनऊला गेटबाहेर पुन्हा एकदा, भूक असो वा नसो. "पोटातला डबा कोणी तपासत नाही," इति भाऊजी.

आणि तालीम! गच्चीवर सासूबाईंनी रांगोळीने पार्कचा नकाशा काढला. खुर्ची म्हणजे पाळणा, बादली म्हणजे लाटांचं तळं, उलटी घातलेली खाट म्हणजे सोनूची ती गाडी. दोन रविवार आम्ही सगळे शिट्टीच्या तालावर खुर्चीकडून बादलीकडे आणि बादलीकडून खाटेकडे पळत होतो. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं चहाचे कप घेऊन गॅलरीत उभी. माझा नवरा बादलीत पाय घालून म्हणाला, "दादा, सहल इथेच झाली की, आता जायचं कशाला?" भाऊजींनी त्याला खाटेपाशी दीड मिनिट उशीर केल्याबद्दल झापलं.

पण खरी गोम होती सोनूच्या तिकिटात. साडेचार फुटांच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट. सोनूचा थोरला भाऊ पूर्ण तिकिटातच धरलेला, आणि माझे दोघे बुटके, त्यांची काळजी नव्हती. सोनू आपली ताडमाड. दाराच्या चौकटीवर खूण केली तर दोन इंच जास्त. भाऊजी त्या खुणेकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी उपाय काढला. सोनूला त्याच जांभळ्या कापडाचा घोळदार परकर शिवला आणि आत गुडघे वाकवून उभं राहायला शिकवलं. रोज संध्याकाळी चौकटीशी सराव. "गुडघ्यात दोन इंच. मान सरळ. खांदे सैल. आणि हसायचं, सोनू, हसायचं!" पोरगी इतकी गुणी की महिन्याभरात तिला गुडघे वाकवून चालताही यायला लागलं. जाऊबाई एकदा चिडून म्हणाल्या, "अहो, पोरीला हे काय शिकवताय?" भाऊजी ओशाळले, पण म्हणाले, "यात तुझ्या नणंदेच्या नवऱ्याचं अर्धं तिकीट निघतंय." खरं सांगू? मलाही ते आवडलं नव्हतं. पण मी गप्प बसले, कारण एक माणूस गाळायचं तर कोण, हा प्रश्न मला नको होता.

सहलीच्या दिवशी सगळं घड्याळासारखं झालं. पहाटे साडेतीनला जीप निघाली, घाटात दशम्या झाल्या, गेटबाहेर पुन्हा दशम्या झाल्या. तिकिटाच्या खिडकीशी उंची मोजायची पट्टी होती. सोनू गेली, वाकली, हसली आणि साडेचार फुटांच्या आत बसली. भाऊजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, पेपर सोपा गेलेल्या मुलासारखी. खिडकीतल्या मुलाने सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधले, मोठ्यांना निळे आणि लहानांना पिवळे. पत्रकात पट्ट्यांचा काही उल्लेख नव्हता. भाऊजी जरासे थबकले, पण शिट्टी वाजवून पुढे निघाले.

सोनूच्या गाडीची वेळ होती एक वाजून चाळीस मिनिटं. आम्ही बरोबर त्या मिनिटाला तिथे हजर. सगळे जांभळे, ओले, आणि रांगेतली माणसं आमच्याकडे टकामका बघतायत. सोनू सगळ्यांत पुढे. डोळे त्या रुळांवर. तिथल्या रखवालदाराने तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "पिवळा पट्टा? नाही चालणार. लहान मुलांना सोडत नाही यावर." सोनू झटकन बाजूच्या उंचीच्या फळीला जाऊन चिकटली, चांगली ताठ. रेघेच्या वर दोन इंच. रखवालदाराने फळीकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, मग सोनूकडे. "उंची तर आहे तुझी. मग गेटवर पिवळा कसा मिळाला? वाकली होतीस काय गं?"

मी भाऊजींकडे बघितलं. माणूस पांढराफटक पडला होता. सोनूने एकदाच बापाकडे पाहिलं आणि रखवालदाराला म्हणाली, "नाही काका. मला नाही बसायचं. मला भीती वाटते." आणि रांगेतून बाहेर आली. रडली नाही काही नाही. नुसती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि ओल्या परकराचं टोक पिळत बसली. बाई गं! दोन महिने जिने दुसरं काही मनात आणलं नाही, ती पोरगी बापाची लाज राखायला भीती वाटते म्हणाली!

भाऊजींनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. सोनूचा हात धरला आणि गेटकडे चालायला लागले. त्यांच्या कपड्यांना खिसे नव्हते, पैशांचं पाकीट माझ्या पर्समध्ये, म्हणून मीही मागोमाग धावले. खिडकीशी रांग होती. भाऊजी रांगेत उभे राहिले, जांभळ्या ठिपक्यांच्या कपड्यात, पाणी निथळत, आणि नंबर आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी मुलगी मोठी आहे. मी तिला वाकायला शिकवलं होतं. तिची काही चूक नाही, माझी आहे. पूर्ण तिकीट द्या." मागे कुणीतरी फिसकन हसलं. आयुष्यात ज्या माणसाने आपली आखणी चुकली असं कधी कबूल केलं नव्हतं, ते भाऊजी कानापर्यंत लाल झाले. पण जागचे हलले नाहीत. खिडकीतला मुलगा विशी-बाविशीतला असेल, बिचारा तोच गोंधळला. म्हणाला, "ठीक आहे काका, पण पुन्हा मोजावं लागेल. ये बाळ, उभी राहा पट्टीपाशी."

सोनू पट्टीपाशी गेली. मान सरळ, खांदे सैल, ओठांवर हसू, आणि परकराच्या आत गुडघे आपोआप वाकले. दोन महिन्यांची सवय! भरली बरोबर साडेचार फुटांच्या आत. खिडकीतला मुलगा हसला, मलाही हसू आलं. भाऊजी खाली बसले, तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "सरळ, सोनू. बाबा सांगतात ना, सरळ उभी राहा." मी उगाच पर्समध्ये पाकीट शोधत बसले, ते तर हातातच होतं.

सोनू बसली त्या गाडीत. तीनदा बसली. तिसऱ्या वेळी तर उलटी असताना हात सोडून ओरडत होती. भाऊजी खाली उभे, आणि दिवसभरात पहिल्यांदाच घड्याळ बघायचं विसरलेले.

परतताना जीपमध्ये आम्ही फार टर उडवली त्यांची. माझा नवरा म्हणाला, "दादा, दोन इंच फारच महाग पडले की!" सगळे खो खो हसले, मी तर सगळ्यांत मोठ्याने. भाऊजीही हसले. पण त्यानंतर त्यांनी आमच्या घराची सहल म्हणून कधी आखली नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "तुम्ही ठरवा, मी येतो." आम्ही ठरवतो म्हणायचो, आणि ठरायचं नाही. एकाला सुट्टी तर दुसऱ्याची परीक्षा. तारीख ठरवून, धाक दाखवून, सगळ्यांना एका जीपमध्ये कोंबणारं माणूस लागतं, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी हसण्याआधी मी त्यांना म्हणायला हवं होतं की भाऊजी, तुम्ही होतात म्हणून आम्ही सगळे इथवर आलो. एवढं साधं वाक्य. नाही म्हटलं.

परवा सोनूचा बंगळूरहून फोन आला. नोकरीला लागून दोन वर्षं झालीत तिला. म्हणाली, "काकू, दिवाळीत चार दिवस येतेय. बाबांना म्हणा ना, आपण सगळे कुठेतरी जाऊ. पण त्यांनीच ठरवायचं. मी सांगितलं तर ते नको म्हणतील." मी लगेच खाली गेले. भाऊजी आता निवृत्त झालेत, दुपारी आरामखुर्चीत पडलेले असतात. म्हटलं, "भाऊजी, दिवाळीत सहल काढायची आहे आणि तुम्हीच आखायची आहे. सोनूचा हट्ट आहे. आणि माझाही." ते उठले, कपाटातून वही काढली, चष्मा लावला आणि विचारलं, "सुनंदा, माणसं किती?"

मी बोटांवर मोजायला लागले. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. नणंद आणि तिचे यजमान बडोद्याला, त्यांना नाही जमणार. सोनूचा भाऊ परदेशात. माझे दोघे म्हणतात, आई, आमचं मित्रांबरोबर ठरलंय. एका हाताची बोटं संपली आणि दुसऱ्या हातावर जावंच लागलं नाही.

"पाच," मी म्हटलं.

भाऊजींनी पेन तसंच धरून ठेवलं. मग म्हणाले, "पाच तर पाच," आणि सोनूचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.