तात्या आणि खोळंबलेली मेंढी

तात्यांना मी ऐकवलेलं पहिलं वाक्य होतं, “मास्क तोंडावर लावायचा असतो, छातीवर नव्हे.” दोन हजार वीसचा एप्रिल. मास्क नवे नवे आले होते आणि ते कसे वापरावेत हे जगाला समजावणं मी माझं कर्तव्य मानलं होतं. आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावातल्या आमच्या घराच्या बाजूच्या भिंतीपलीकडे एक उंच, लालबुंद चेहऱ्याचे आयरिश म्हातारे कचऱ्याचा डबा ओढत होते आणि त्यांच्या स्वेटरवर डाव्या बाजूला तळहाताएवढं काळं कापड पिनेनं टाचलेलं होतं. ते थांबले. कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हा मास्क नाही,” ते म्हणाले. “माझी बायको वारली. तिच्यासाठी लावलंय.”

मी हबकलोच. शेवटी त्यांनाच माझी दया आली. “सल्ला मात्र बरोबर आहे हं तुझा. आणतो एक मास्क. ग्रँड!” ‘छान, चालेल’ अशा अर्थाचं हे ‘ग्रँड’ त्यांच्या तोंडी सतत असे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोनं हे सगळं ऐकलं होतं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या भेटीत मी चूक सुधारायला गेलो. भिंतीपलीकडचं घर त्यांच्या बहिणीचं. ती आजारी म्हणून ते तीन आठवड्यांसाठी आले होते. ती गेली, आणि तोवर विमानं बंद झाली. मी म्हटलं, “चला, निदान स्वतःच्या देशात अडकलात, हे नशीब.” ते शांतपणे म्हणाले, “मी स्वतःच्या देशाबाहेर अडकलोय.”

त्यांचा देश म्हणजे आफ्रिकेतलं लेसोथो. चोविसाव्या वर्षी दोन वर्षांच्या बोलीवर तिथे गणित शिकवायला गेले आणि पन्नास वर्षं झाली तरी ती दोन वर्षं संपली नव्हती. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या पालेसाशी लग्न केलं, डोंगरात दगडी घर बांधलं. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘न्ताते’ म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडात दोन दिवस टिकला, तिसऱ्या दिवशी त्याचे तात्या झाले. त्यांनी हरकत घेतली नाही.

तात्यांची एक सवय आम्हा घाईच्या माणसांना जड जाई. नमस्कार-चमत्कार पूर्ण झाल्याशिवाय ते कामाचं बोलत नसत. “तुम्ही कुठे आहात?” असं ते तिकडच्या पद्धतीनं रोज सकाळी भिंतीवरून विचारत. आपण म्हणायचं, “आहोत, इथेच आहोत.” मग घरातल्या एकेकाची चौकशी. एकदा आमच्या बागेतल्या शेडच्या छपराचा पत्रा सुटून त्यांच्या अंगणात लटकत होता, वारा सुटलेला, आणि हे विचारतायत, “मुलगी कशी आहे? झोप नीट लागते ना?” मी म्हटलं, “तात्या, पत्रा!” ते म्हणाले, “तो दिसतोय मला. तुझ्या घरचे दिसत नाहीत, म्हणून विचारतोय.”

शाळा बंद होत्या. आमच्या मनवाला पाचवीच्या बाईंनी एक देश निवडून त्याचा भूगोल, माणसं, सरकार आणि उद्योगधंदे असा प्रकल्प करायला सांगितला होता. तिनं दक्षिण आफ्रिका घेतली. बागेतल्या टेबलावर नकाशा रंगवताना तिनं विचारलं, “बाबा, व्हाय इज देअर अ होल इन इट?” मी चष्मा वर करून पाहिलं आणि पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं, “छपाईची चूक असेल. रंगवून टाक.” तिनं अर्धं भोक हिरवं केलं, तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, “पोरी, थांब! माझं घर रंगवतेयस तू!”

मला वाटतं, त्या दिवशी मनवानं माझ्यावरचा विश्वास काढून तात्यांवर ठेवला तो कायमचा. रोज अकरा वाजता भिंतीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, आणि तात्यांचा वर्ग सुरू. मी घरातून ऑफिसचं काम करत कान तिकडे लावून बसे. “आमच्या देशातली सगळ्यात खोलगट जागासुद्धा तुमच्या आयर्लंडच्या सर्वांत उंच शिखरापेक्षा उंच आहे,” ते सांगत. एक आयरिश माणूस आमच्या मराठी पोरीला ‘तुमचं आयर्लंड’ म्हणतोय, हे ऐकून मी टायपिंग थांबवलं. महाराष्ट्राची अब्रू राखायला मी खिडकीतून कळसूबाई पुढे केली. त्यांनी उंची विचारून घेतली आणि म्हणाले, “छान आहे. आमच्या गुरांना उतरायला थोडी खोल पडेल.”

राजाबद्दल मनवानं विचारलं, तो काय करतो? “तो राज्य करत नाही. राज्य निवडून आलेले लोक करतात, आणि बहुतेक वेळ भांडतात. राजा फक्त असतो. असणं हेसुद्धा मोठं काम आहे, पोरी.” गावातलं सरकार वेगळं. मुखिया सगळ्यांना मैदानात बोलावतो आणि प्रत्येकाचं बोलून होईपर्यंत गप्प बसतो. “प्रत्येकाचं?” मी न राहवून विचारलं. आमच्या ऑफिसात ही प्रथा आली तर काय होईल, या कल्पनेनं मला घाम फुटला. उद्योगधंद्यांत त्यांनी मेंढ्यांची लोकर सांगितली, बकऱ्यांचं मऊ मोहेर सांगितलं, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यातल्या बायका सांगितल्या, आणि सगळ्यात शेवटी पाणी. “आम्ही डोंगरातलं पाणी शेजाऱ्याला विकतो. पूर्वी माणसं विकायचो, त्यांच्या सोन्याच्या खाणींसाठी. पालेसाचे वडील तसेच गेले. पाणी बरं. ते खोकत परत येत नाही.”

त्या भोकाचा खरा अर्थ मला उशिरा कळला. लेसोथोच्या चारही बाजूंना एकच शेजारी, दक्षिण आफ्रिका. त्यानं दार लावलं की वाटच नाही. आणि तात्यांना जायलाच हवं होतं, ते त्या कापडासाठी. त्यांच्या गावात नवरा किंवा बायको गेली की मागे राहिलेल्या माणसाला काळं कापड लावतात. ठरलेले महिने सरले की एका शनिवारी सगळा गाव जमतो, मेंढी कापतात, आणि ज्यानं कापड लावलं तोच ते काढतो. त्या दिवसापर्यंत माणूस अर्धा गेलेल्या जोडीदाराकडे असतो, नाचत नाही, मोठ्यानं हसत नाही. तात्यांचा शनिवार एप्रिलमधला ठरला होता. पालेसाचा भाऊ थाबो मेंढी बाजूला काढून बसला होता.

“एवढंच ना?” मी म्हटलं. “ऑनलाइन करू!”

यात मी स्वतःला अनुभवी समजत होतो. मे महिन्यात सांगलीत माझे वडील, अण्णा, गेले होते. अग्नी चुलतभावानं दिला. मी लॅपटॉपवर होतो. तेराव्याला गुरुजींनी तिकडून सांगितलं, मी इकडे वर सदरा आणि खाली बर्म्युडा घालून हात जोडले, अण्णांच्या फोटोशी चार शब्द बोललो आणि पाऊण तासात सगळं पार पडलं. ते चार शब्द माइक बंद असताना बोललो, हे नंतर कळलं. हे सगळं मी तात्यांना यशोगाथा सांगावी तसं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “आणि मग उठून कुठे गेलास?”

“मीटिंग होती,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण माझ्या उत्साहाचा अपमान नको म्हणून असेल, ऑनलाइनला हो म्हणाले.

जुलैतल्या एका शनिवारी आमच्या बागेत टेबल मांडलं, लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर बर्फ दिसलं. आफ्रिकेत बर्फ! मी पुन्हा गार. मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर, म्हणून वीसेक माणसं घोड्यांवरून, पायी, खांद्यांवर जाड घोंगड्या पांघरून वर आली होती. मधोमध थाबो, आणि त्याच्या पायाशी ती मेंढी. फुकटचा कॉल चाळीस मिनिटांनी आपोआप तुटणारा, आणि त्यातली अठ्ठावीस मिनिटं एकेकानं तात्यांना ‘कुठे आहात’ विचारण्यात गेली. मी घड्याळ बघत होतो. शेवटी राहवेना. म्हटलं, “आता कापड काढू या का?”

थाबोनं विचारलं, “कोण काढणार?”

“तात्या स्वतःच. नाहीतर मी काढतो, शेजारीच आहे.”

मग थाबो हळू म्हणाला, “भाऊ, तुम्ही चांगले आहात. तुमचं यंत्रही चांगलं आहे. पण हे मी माझ्या हातानं लावलंय, माझ्याच हातानं काढीन. आम्हाला घाई नाही. मेंढी थांबेल.” म्हणजे नाही. वीस माणसं बर्फ तुडवत टेकडी चढून आली होती, ती मला नाही म्हणायला. माझे कान तापले. थाबोनं मात्र लगेच माझी विचारपूस सुरू केली, कारण मला कुणी रीतसर विचारलंच नव्हतं. बायको कशी आहे? मुलगी? आणि तुमचे वडील?

“वारले,” मी म्हटलं. “मे महिन्यात.”

थाबोनं डोक्यावरची गवती टोपी काढली. त्याच्यामागच्या माणसांनी काढल्या. वाऱ्यात, बर्फात, वीस माणसं उघड्या डोक्यानं उभी राहिली, ज्यांनी सांगली नकाशातसुद्धा पाहिली नव्हती. या वेळी माझा माइक चालू होता. मला बोलता आलं नाही. मग चाळीस मिनिटं संपली आणि पडदा काळा झाला.

तात्या भिंतीपलीकडून उठून गेले नाहीत. अंधार पडायला लागेपर्यंत तिथेच खुर्चीत बसले. बायकोनं दोन्हीकडे चहा दिला.

पुढे दर आठवड्याला मेंढीची खबर येई. जाड झाली. कुंपण मोडून पळाली, सापडली. पुढच्या वसंतात तात्यांना लस मिळाली, त्याच सुमारास कळलं की कापायच्या मेंढीला दोन कोकरं झाली आहेत. “आता तिला कापायचं कोण मनावर घेणार?” तात्या म्हणाले, आणि मोठ्यानं हसू आलेलं त्यांनी हात तोंडावर ठेवून दाबलं. माझी आई फोनवर दर वेळी म्हणे, “अण्णांचं कपाट तसंच आहे रे. तू आलास की उघडू. सवडीनं ये.” मी सवड शोधत होतो. कधी लाट, कधी क्वारंटाइन, कधी ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं रिलीज.

दोन हजार एकवीसच्या ऑक्टोबरात वाट उघडली. विमानतळावर मीच सोडलं त्यांना, घरापासून दहा मिनिटांचा रस्ता. स्वेटरवर तेच कापड, उन्हानं तपकिरी पडलेलं. सामानात मनवाचा प्रकल्प, भोकासकट. आत जाताना वळून म्हणाले, “मी चाललो. तू कधी?”

“बघू,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, ‘ग्रँड’ म्हणाले नाहीत.

नोव्हेंबर संपता संपता तिकडे विषाणूचा नवा प्रकार सापडला आणि दारं पुन्हा धडाधड बंद झाली. बातमी बघून मी सुन्न बसलो होतो, तेव्हाच फोनवर फोटो आला. थाबोचा हात तात्यांच्या छातीवर, हातात काळं कापड, तात्यांच्या खांद्यावर नवंकोरं घोंगडं. मागे ती मेंढी दोन कोकरांसह चरतेय. तिच्याऐवजी दुसरी कुणी कापली गेली असावी. खाली एकच ओळ, “आहोत, इथेच आहोत. तुम्ही कुठे आहात?”

मी फोन बायकोपुढे धरला. तिनं फोटो बराच वेळ पाहिला, बोटांनी मोठा करून तात्यांचा चेहरा पाहिला आणि फोन माझ्या हातात परत दिला.

“मेंढी दीड वर्ष थांबली,” ती म्हणाली. “आईंना अजून किती थांबवणार आहेस? आज तिकीट काढ. आणि लॅपटॉप इथेच राहील.”