गायकरांच्या दोन काड्या

"तोंड उघडा, बाबा."

"नाय उघडत."

"एक मिनिटाचं काम आहे. ही काडी गालाला आतून घासायची, बस."

"माज्या गालाला काय झालंय?"

"गालाला काही नाही झालं! तुमच्या बापाकडून, आज्याकडून, पणज्याकडून तुमच्यात जे उतरलंय ते या काडीवर येतं."

"मग तुजा गाल घास. तू माजीच ना?"

"मुलींमध्ये तो तुकडा नसतो. वाय म्हणतात त्याला. बापाकडून फक्त मुलाला जातो. किती वेळा सांगू?"

"म्हंजे पोराला सगळं घरानं, आन पोरीला नुसता बापाचा राग?"

स्वयंपाकघरात कुमुदिनीकाकू फिसकन हसल्या.

"आई, तू हसू नकोस हां! बाळाकाकांनी हसत हसत दिली त्यांची काडी. वर म्हणाले, हवी तर दुसरी पण घे. त्यांना भीती नाही, मग तुम्हालाच कसली?"

हरिचंद्रकाकांचा चेहरा उतरला. "बाळाला यात नको ओढू, जिज्ञासा."

"मी ओढलं? त्यांनी ओढलं तुम्हाला. चारचौघांत. देवळासमोर!"

ते मात्र खरं होतं. दोन हजार आठचा तो चैत्र. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला गायकरांचा पाडा आहे. जत्रेला गावदेवीची पालखी उठते तेव्हा पहिला नारळ गायकरांच्या थोरल्या घरातल्या वडीलधाऱ्याने वाढवायचा, हा तिथला मान. अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांत संसार थाटून हरिचंद्रकाकांना पंचवीस वर्षं झाली होती, पण त्या नारळासाठी ते दरसाल धोतर नेसून पाड्यावर हजर. यंदा त्यांनी नारळ उचलला आणि त्यांचा चुलत भाऊ बाळा, थोडी घेऊन आलेला, पुढे होऊन म्हणाला, "किती वर्सं आमच्या देवीनं कॅम्पातल्या पोराच्या हातचा नारळ घ्यायचा?"

ढोल थांबले. हरिचंद्रकाकांनी नारळ बाळाच्या हातात ठेवला, देवीला हात जोडले आणि बदलापूरची जीप पकडली. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला 'अरे' म्हटलं नाही, तो दुसरं काय करणार?

'कॅम्पातला पोर' ही गोष्ट त्यांच्याइतकीच जुनी होती. फाळणीनंतर आजच्या उल्हासनगरात सिंधी निर्वासितांचे कॅम्प भरले तेव्हा त्यांची आई, मोतीबाई, दुधाचा हंडा घेऊन कॅम्पात जायची. त्याच साली ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि परत आली ती कडेवर गोरंपान, घाऱ्या डोळ्यांचं पोर घेऊन. तिची कूस भरलेली पाड्याने पाहिली होती, बाळंतपण नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्याला कोण काय करणार? पण कुणीतरी कुजबुजलं की हिचं मूल माहेरी दगावलं आणि हिने कॅम्पातून एक उचलून आणलं. मोतीबाईला तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती. एकीने विचारलं, तेव्हा उलथनं उडत आलं आणि मागून उत्तर आलं, "माजा हाय!" ती गेली, त्यालाही आता खूप वर्षं झाली.

आणि नशिबाची गंमत अशी की हरिचंद्रकाकांना नोकरी लागली ती उल्हासनगरात, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेठच्या वर्कशॉपमध्ये, लेथवर. तीस वर्षं. भातलावणीला दरसाल दांडी मारून गावी जायचे. शेठ म्हणायचा, "हरी, तेरेको हर साल लावणी के टाइमपेच बुखार कैसे आता है रे?" शेठची म्हातारी आई जिन्यात बसून पापड सुकवायची. ती येता-जाता त्यांची हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे फिरवायची आणि विचारायची, "तू किसका है, बेटा?"

"मोतीबाईचा," असं म्हणून ते हनुवटी सोडवून घ्यायचे. पण त्या दिवशी हातातलं काम बिघडायचं. हे त्यांनी फक्त कुमुदिनीकाकूंना सांगितलं होतं, आणि काकूंनी एकदा न राहवून जिज्ञासाला.

म्हणून तर जिज्ञासा पेटली होती. एमएस्सी बायोटेक, शेवटचं वर्ष. मैत्रिणीच्या भावाकडून तिने अमेरिकेतून दोन किट मागवले. एक बाप, एक काका. दोघांच्या काड्या जुळल्या की एक घराणं, एक रक्त. मग येत्या चैत्रात ती तो कागद बाळाकाकाच्या नाकासमोर फडकवणार होती.

"बाबा, मी मुलगा असते ना, तर गुपचूप माझीच काडी पाठवली असती. मुलगी आहे म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत बसलेय."

हरिचंद्रकाकांनी तिच्याकडे पाहिलं. उठले, मोरीत जाऊन तंबाखूचं तोंड खळाखळा धुतलं, खुर्चीत येऊन बसले आणि लहान मुलासारखा आ केला.

रिझल्ट आला तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जिज्ञासाने मेल उघडला, पुन्हा पुन्हा वाचला आणि घरी येऊन थेट झोपायच्या खोलीत गेली. हरिचंद्रकाका दारात येऊन उभे राहिले.

"नाय जुळली ना?"

तिने मान हलवली. "तुमचा बापाकडचा वंश वेगळा, बाळाकाकांचा वेगळा. पण बाबा, तुमचा जो गट आहे ना, तो सिंधमध्ये सापडतो तसा कोकणात पण सापडतो. त्याच्यावरून काही सिद्ध होत नाही. आपण कुणाला सांगायचंच नाही. चालेल?"

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले आणि दिवेलागणीला भिजून परत आले. टॉवेलने डोकं पुसता पुसता म्हणाले, "पाड्यावर जाऊन आलो. बाळाला बोललो, तुजंच खरं. आता नारळ तुजा."

"बाबा!" जिज्ञासा किंचाळलीच. "कशाला सांगितलंत?"

"काडी त्याची पन होती. त्याला कळायला नको?"

पुढच्या रविवारी बाळा स्वतः आला. पिशवीभर रानातली कर्टुली घेऊन. पंख्याखाली अवघडून बसला. चहा बशीत ओतला, पण तोंडाला लावेना.

"हरी, त्या दिवशी मी घेतली होती रे. तसं बोलायला नको होतं."

"सोड ना आता."

"तू कोनाचाबी अस. माजा भाऊस हायेस. येत्या जत्रंला ये. माज्या बाजूला उभा ऱ्हा. कोन काय बोलतो बघतो मी." मग त्याने आवाज खाली आणला. "फक्त नारळाचं काय हाय ना... ते रगताचं असतं. देवीला कळतं."

आत पातेलं आपटलं.

"खरं हाय," हरिचंद्रकाका म्हणाले. "चहा घे. थंड झाला."

बाळाने चहा संपवला, "येतो वयनी," म्हणून हाक दिली. हरिचंद्रकाका त्याला फाटकापर्यंत सोडायला खाली गेले. ते वर येतात तोच कुमुदिनीकाकू उलथनं हातात घेऊन बाहेर.

"रगताचं असतं! मोठा आला रगतवाला! ह्याचा बाप कुठून आला ते विचार म्हनावं देवीला!"

"कुमुदिनी," हरिचंद्रकाका म्हणाले. एवढंच.

"कुमुदिनी काय? इतकी वर्सं गप्प ऱ्हायले."

जिज्ञासा दोघांकडे बघत राहिली. "आई, कुठून आला म्हणजे? ते गायकरच ना?"

"कसले गायकर! मुरबाडकडचे. घरजावई म्हनून आले. तुज्या बाबांचे वडील साप लागून अचानक गेले. बाबा तेव्हा रांगत होते. शेताला पुरुषमानूस नाय. म्हनून वडलांच्या बहिनीला, बाळाभावजींच्या आईला, नवऱ्यासकट ठेवून घेतलं. भावजींचा जन्म त्याच्या नंतरचा. त्या मानसानं घराचा देव घेतला, घराचं आडनाव घेतलं. त्यांची बायको मला सोता सांगायची, कुमुदिनी, मी या घराची सून नाय, लेक हाय."

"म्हणजे..." जिज्ञासाने बोटांवर नाती मोजली. "म्हणजे बाळाकाकांची काडी गायकरांची नव्हतीच! ती मुरबाडच्या माणसाची होती. मग जुळणार कशी? बाबा कुणाचेही असोत, ती जुळलीच नसती! आई, काडी घेताना का नाही बोललीस गं?"

"तू विचारलंस? तू बोललीस, एका घरातले दोन पुरुष पायजेत. दिले. मना काय ठाऊक तुजी काडी आडनाव वाचत नाय?"

जिज्ञासाला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. "मग बाळाकाकांच्या वडिलांना बाबा काकाच म्हणायचे?"

"तुजे बाबा तर त्यांना दादा म्हनायचे. बापाला म्हनतात तसं." काकूंचा आवाज निवला. "तसंच वागवलं त्यांनी. चिखलातून शाळंत जाताना ह्यांना खांद्यावर घ्यायचे, आन सोताचं पोर मागून चालत यायचं. पाड्यावर कोनी कॅम्पातला बोललं, तर त्यांच्या म्होरं नाय बोललं. एकदा एकाचं थोबाड फोडलं होतं. बाळाभावजी तवा लहान. त्यांना कशाची आठवन असनार? आपला बाप भायरून आला, हे तरी त्यांना कोनी कवा सांगितलंय?"

हरिचंद्रकाका खिडकीपाशी जमिनीवर बसले होते. कर्टुल्यांची पिशवी समोर ओतून किडकी वेगळी काढत होते.

जिज्ञासा त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, एक मिनिट. आईला माहीत नव्हतं, मान्य. पण तुम्हाला तर मी कागदावर काढून दाखवलं होतं. आजा, बाप, पोर, असे बाण काढून. तुम्ही मध्येच बोट ठेवून विचारलंत, इथं जावई आला तर? मी म्हटलं, मग ती रेघ तुटते. आठवतंय?"

ते कर्टुली निवडत राहिले.

"म्हणजे तुम्हाला काडी द्यायच्या आधीच माहीत होतं. म्हणून तर म्हणत होतात, बाळाला नको ओढू! मला वाटलं, तुम्ही स्वतःला घाबरताय." तिने त्यांचा हात धरला. "ऐका ना. अजून काही गेलेलं नाही. खालच्या आळीत भीमरावअण्णा आहेत, ते पक्के गायकर. तुमचा रिझल्ट आहेच आपल्याकडे. फक्त त्यांची एक काडी. जुळली तर मोतीआजी खरी. नारळ तुमचा, आणि परत कुणी तुम्हाला कॅम्पातला म्हणणार नाही. तुम्हाला आयुष्यभर जे हवं होतं ना बाबा, ते एका काडीवर आहे."

हरिचंद्रकाकांचा हात थांबला. कुमुदिनीकाकूसुद्धा उलथनं धरून उभ्याच राहिल्या.

"आणि नाही जुळली," जिज्ञासा हळू म्हणाली, "तरी निदान खरं काय ते कळेल."

"दादा भायरचे, हे मग बाळाला पन कळंल," ते म्हणाले.

"कळू दे की! त्यांनी तुमचा विचार केला का? तुम्ही एवढं भिजत जाऊन त्यांना सांगून आलात, तुजंच खरं म्हणून! का, बाबा? ते खरं नव्हतं. कळलं पण नव्हतं अजून. तुम्ही स्वतःच्या तोंडाने स्वतःला परकं करून आलात. कशासाठी? बोला ना!"

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. निवडलेली कर्टुली परातीत घालून काकूंच्या हातात दिली. खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली, पायांत चपला सरकवल्या.

"बाबा, मी विचारतेय काहीतरी!"

दार ओढून घेऊन ते जिना उतरून गेले.